लोहाच्या गोळ्या घेताय? बरं वाटलं म्हणून थांबवू नका

हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. थोड्या आठवड्यांत धाप कमी लागते, अंगात जरा जोर येतो आणि पाकीट कपाटातच राहून जातं. आमच्या औषधांच्या दुकानात पुन्हा तीच चिठ्ठी घेऊन येणारे बरेचसे ग्राहक असेच मध्येच थांबलेले असतात.

शरीर मिळालेलं लोह आधी रक्तासाठी वापरतं. रिकामा झालेला साठा, म्हणजे तपासणीतलं फेरिटिन, त्यानंतर भरतो. म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मलला आल्यावरही साधारण ३ महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. उपचार लागू पडत असेल तर ३-४ आठवड्यांत हिमोग्लोबिन सुमारे २ ग्रॅमने वाढतं. तसं झालं नाही तर आपल्या मनाने गोळ्या वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. पाळीत जास्त रक्त जात असेल, पोटात कुठे रक्तस्राव होत असेल किंवा मुळात थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल, तर नुसत्या गोळ्यांनी प्रश्न सुटत नाही.

गोळी कधी घ्यायची?

शक्यतो उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध यांच्यासोबत अजिबात नको. मध्ये एक-दोन तास जाऊ द्या. कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्याही लोहाला अडवतात. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत ४ तासांचं अंतर हवं. काही अँटिबायोटिक्सचा असर लोहामुळे कमी होतो, तेव्हा नवीन औषध घेताना लोह चालू असल्याचं आम्हाला सांगा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तरी चालेल, पण त्याचा फार आग्रह नको.

मळमळ, बद्धकोष्ठता, पोटात दुखणं हे त्रास खरे आहेत, आणि गोळ्या सुटतात त्या बहुधा यांच्यामुळेच. जेवणानंतर घेतली तर लोह थोडं कमी शोषलं जातं, पण न घेण्यापेक्षा ते परवडलं. दुसरा मार्ग एक दिवसाआड घेण्याचा. लोह पोटात गेलं की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते साधारण दिवसभर पुढच्या गोळीतल्या लोहाला अडवून धरतं. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा घेतल्याने फायदा त्या प्रमाणात वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. एक दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. मात्र ती डांबरासारखी चिकट आणि फार दुर्गंधीयुक्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पातळ औषधाने दातांवर डाग पडतात; ते स्ट्रॉने घ्या आणि नंतर चूळ भरा.

कंपनी बदलताना पाकिटावरचा मोठा आकडा पाहून फसू नका. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असतं, तर ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ३५. ‘एलिमेंटल आयर्न’ किती आहे ते बघा, नाहीतर आम्हाला विचारा.

घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कुलपात ठेवा. लालचुटूक गोळी मुलांना खाऊसारखी दिसते आणि थोड्याशा गोळ्याही जिवावर बेतू शकतात. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटीची वाट न बघता पाकीट हातात घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.