सीओपीडी की ब्राँकिएक्टेसिस? जुनाट बेडक्यामागचे दोन आजार

वर्षानुवर्षे खोकला, चार पावले भरभर चालले की धाप, रोज सकाळी पडणारा बेडका आणि वर्षातून दोन-तीनदा 'छाती भरणे', अशा तक्रारी असलेल्या साठीच्या माणसाच्या फाइलवर बहुधा 'सीओपीडी', म्हणजे फुप्फुसात हवेची वाट कायमची अडवणारा जुनाट आजार, असे लिहिलेले असते आणि त्याच्या हातात पंप असतो. पुष्कळदा ते निदान बरोबरही असते. परंतु नेमक्या याच तक्रारी ब्राँकिएक्टेसिस या श्वासनलिका कायमच्या रुंदावणाऱ्या दुसऱ्या आजारातही असतात, आणि त्यात फुप्फुसात ठाण मांडून बसलेल्या जीवाणूंचा बंदोबस्त हा उपचाराचा गाभा असतो. निदान चुकले की औषधे चालू राहतात, पण रोज कफ बाहेर कसा काढायचा हे त्या रुग्णाला कोणी शिकवतच नाही.

घोटाळ्याचे पहिले कारण फुंकण्याच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत आहे. श्वासनलिका सैल करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचे एकूण सोडलेल्या हवेशी प्रमाण ०.७० पेक्षा कमी भरले, तर हवेच्या वाटेत कायमचा अडथळा आहे असे धरतात. सीओपीडीच्या निदानाला हा आकडा लागतोच. मात्र ब्राँकिएक्टेसिसच्या अनेक रुग्णांतही तो असाच खाली येतो, कारण सुजलेल्या आणि कफाने भरलेल्या नळ्यांतही हवा अडतेच. अडथळा आहे एवढेच तो कागद सांगतो. तो कशामुळे आहे, ते सांगत नाही.

सीओपीडीत बारीक श्वासनलिका अरुंद होतात आणि त्यांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांच्या भिंती नष्ट होत जातात. विडी-सिगारेट हे त्याचे सर्वपरिचित कारण. पण विडीला कधी हातही न लावलेल्या, लाकूड आणि गोवऱ्यांच्या धुरात चुलीसमोर आयुष्य काढलेल्या बायकांनाही हा आजार होतो, आणि त्यांचे निदान फार उशिरा होते. ब्राँकिएक्टेसिसमध्ये उलट घडते: जंतुसंसर्गाने आणि सततच्या दाहाने नळ्यांच्या भिंती दुबळ्या होतात आणि नळ्या कायमच्या रुंदावतात. स्टेथोस्कोपचा शोध लावणाऱ्या रने लेनेक यांनी १८१९ सालीच या आजाराचे वर्णन केले होते. पाश्चात्त्य देशांत अनेक रुग्णांत त्याचे कारण सापडत नाही. आपल्याकडे ते अनेकदा जुन्या टीबीपर्यंत जाऊन पोहोचते. भारतातील २,१९५ रुग्णांची नोंदणी करणारा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ३५.५ टक्के रुग्णांत टीबी हेच मूळ कारण होते. म्हणून 'तुम्हाला पूर्वी टीबी झाला होता का, लहानपणी गोवर किंवा डांग्या खोकल्यानंतर छातीचे मोठे दुखणे झाले होते का' हा प्रश्न 'तुम्ही विडी ओढता का' या प्रश्नाइतक्याच आस्थेने विचारला गेला पाहिजे.

बेडक्याकडे नीट पाहिले तर बरेच कळते, आणि ही जुनी सवय मागे पडली हे मला खटकते. सीओपीडीत बेडका एरवी थोडा, पांढरट असतो. आजार उफाळला की तो वाढतो आणि पिवळा-हिरवा होतो. ब्राँकिएक्टेसिसमध्ये चांगल्या दिवसांतही तो भरपूर आणि पिवळसर-हिरवा असू शकतो, कधी त्याला दुर्गंधी येते, कधी त्यात रक्त दिसते. दिवसभराचा बेडका काचेच्या भांड्यात साठवून ठेवला तर वर फेस, मध्ये पातळ चिकट द्रव आणि तळाशी पू असे थर दिसतात, हे जुन्या डॉक्टरांना ठाऊक होते. हिरवा रंग जीवाणूंचा नसतो. जीवाणूंशी लढायला आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतील एका हिरव्या विकराचा (एन्झाइमचा) तो रंग असतो. म्हणजे बेडका रोजच हिरवा असेल तर आत लढाई रोजच चालू आहे.

ही लढाई का थांबत नाही, याचे स्पष्टीकरण पीटर कोल यांनी १९८६ साली दुष्टचक्राच्या रूपात मांडले. रुंदावलेल्या नळीतून कफ वर सरकत नाही. साचलेल्या कफात जीवाणू वाढतात. त्यांना मारायला आलेल्या पेशींची विकरे नळीची भिंतच खातात. भिंत खचली की कफ आणखी साचतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू या परिस्थितीत विशेष फोफावतो. तो स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो आणि त्या आवरणात प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात 'लागू पडते' असे लिहिलेले औषधही छातीत अपुरे पडते. तोच जीवाणू किमान तीन महिन्यांच्या अंतराने, एका वर्षाच्या आत, दोन वेळा बेडक्यात सापडला तर सर्वसाधारणपणे जुनाट संसर्ग मानतात.

सीओपीडीतही जीवाणू राहतातच, विशेषतः हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, मोराक्सेला आणि न्यूमोकोकस. फार काळ त्यांना निरुपद्रवी बिऱ्हाडकरू समजले जाई. २००२ साली अमेरिकेतील बफेलो येथील संशोधकांनी रुग्णांचा बेडका महिनोन्महिने तपासून दाखवले की, जीवाणूचा नवा वाण फुप्फुसात शिरतो तेव्हा आजार उफाळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. तरीही सीओपीडीतील अनेक उफाळे विषाणूंमुळे येतात. म्हणून धाप, बेडक्याचे प्रमाण आणि त्याचा पिवळा-हिरवेपणा या तिन्ही गोष्टी वाढल्या आहेत का, हे पाहून प्रतिजैविकाचा निर्णय घेतात.

खरा निवाडा छातीच्या एचआरसीटीत, म्हणजे बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये होतो, कारण साध्या एक्स-रेत ब्राँकिएक्टेसिस सहज निसटतो. सीटीत श्वासनलिका शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा रुंद दिसते आणि फुप्फुसाच्या कडेकडे जाताना निमुळती होत नाही. दोन्ही आजार एकाच छातीत नांदत असलेले रुग्णही कमी नाहीत, आणि त्यांची प्रकृती कोणताही एकच आजार असलेल्यांपेक्षा सहसा अधिक बिघडलेली असते. केवळ सीटीच्या अहवालातील एका ओळीवरून सीओपीडीचे निदान खोडणे मात्र तितकेच चूक, कारण वाढत्या वयातही नळ्या किंचित रुंद दिसतात. तक्रारी आणि चित्र जुळले पाहिजे.

फरक उपचारांत सर्वाधिक जाणवतो. सीओपीडीत नळ्या सैल करणारे पंप हा पाया असतो. स्टिरॉइडचा पंप वारंवार उफाळे येणाऱ्या, रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या रुग्णांना उपयोगी पडतो. तो सरसकट देण्याची किंमत आहे: २००७ च्या टॉर्च या मोठ्या चाचणीत स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांत न्यूमोनिया अधिक आढळला. जीवाणूंनी आधीच घर केलेल्या ब्राँकिएक्टेसिसच्या छातीत, दमा किंवा सीओपीडी सोबत नसताना, तो वर्षानुवर्षे चालू ठेवणे मला अजिबात योग्य वाटत नाही. तिथे पाया असतो तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला, रोज करायचा कफ काढण्याचा व्यायाम: काही शांत श्वास, मग खोल श्वास, आणि मग काचेवर वाफ धरवावी तसे तोंड उघडे ठेवून 'हा' असा जोरकस उच्छ्वास. प्रतिजैविक सीओपीडीच्या उफाळ्यात साधारण ५ ते ७ दिवस पुरते, तर ब्राँकिएक्टेसिसमध्ये बहुधा १४ दिवस देतात, आणि शक्य असेल तर पहिली गोळी घेण्याआधी बेडका कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला पाठवतात. वर्षाला तीन किंवा अधिक उफाळे येत असतील तर अनेक महिने ॲझिथ्रोमायसिन किंवा नेब्युलायझरमधून प्रतिजैविक देण्याचा विचार होतो. ॲझिथ्रोमायसिनआधी ईसीजी पाहावा लागतो आणि बेडक्यात टीबीव्यतिरिक्त असणारे मायकोबॅक्टेरिया (टीबीच्या जंतूंच्या जातकुळीतले इतर जीवाणू) नाहीत याची खात्री करावी लागते, कारण असे एकटे औषध त्यांना प्रतिकारक बनवते.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध छाती भरली म्हणून सहज दिले जाते, पण ते टीबीच्या जंतूंवरही काम करते. त्यामुळे खरोखर टीबी असेल तर रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि निदान लांबते. याउलट, जुन्या टीबीचे व्रण एक्स-रेत पाहून आणि बेडक्यात रक्त आले म्हणून ब्राँकिएक्टेसिसच्या रुग्णाला पुन्हा टीबीची औषधे सुरू केली जातात. अलीकडेच टीबीचा उपचार पूर्ण झालेला असेल तर टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी सीबीनॅट चाचणीही फसवू शकते, कारण ती मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पकडते. जिवंत जंतू आहेत की नाहीत हे कल्चरच ठरवते, आणि त्याच्या निकालासाठी सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते.