उंब्रिया: निम्म्या वाट्यावर कसलेल्या टेकड्या

पेरुज्या हे मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांताचं मुख्य शहर. त्याच्या मुख्य चौकातल्या मोठ्या कारंज्यावर बारा महिन्यांची कामं कोरली आहेत. कापणी, मळणी, द्राक्षं तुडवणं, थंडीत डुक्कर मारणं. हे कोरीवकाम १२७८ च्या सुमाराचं. उंब्रिया म्हटलं की आधी असिसीतली भित्तिचित्रं आठवतात, पण या टेकड्या अशा का दिसतात हे कळायला मला कारंजंच जास्त उपयोगी वाटतं. इथली पोपची सत्ता १८६० मध्ये संपली, तरी शेतावरचा करार तोच राहिला.

तो करार म्हणजे मेझ्झाद्रिया. मराठीत आपण त्याला 'अर्धेली' किंवा 'बटई' म्हणून मोकळे होतो, आणि घोळ तिथेच होतो. निम्मं पीक मालकाचं, निम्मं कसणाऱ्याचं, इतकंच जुळतं. इथे करार अख्ख्या कुटुंबाशी होत असे. घर मालकाचं आणि शेतातच. खाली बैल, वर माणसं. कामाचे हात कमी पडले किंवा खाणारी तोंडं वाढली तर करार मोडण्याची टांगती तलवार. लग्नालाही मालकाची परवानगी लागे. सणाला कोंबड्या-अंडी पोचवायची, ती वाट्याशिवाय. 'कूळ' हा शब्दही बसत नाही, कारण ठरलेला खंड भरला की उरलेलं पीक कुळाचं. मेझ्झाद्रो, म्हणजे या करारावर कसणारा, कागदावर भागीदार होता आणि वागणूक मात्र गड्याची.

घराला लागेल ते सगळं त्याच जमिनीतून काढायचं, म्हणून गव्हाच्या शेतात मेपलच्या रांगा आणि त्या झाडांवर चढवलेले द्राक्षवेल. पाला बैलांना, काटक्या चुलीला, चढावर ऑलिव्ह. पेरुजिनो या चित्रकाराच्या चित्रांत संतांच्या मागे निळसर टेकड्या आणि सडपातळ झाडं दिसतात. तो देखावा राखणारे हात बहुधा दिसत नाहीत.

याच भागात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जुलै १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फंट्री लढली. माणगावकडचा एक तरुण नाईक तिथे धारातीर्थी पडला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने गावात आता त्याचं स्मारक आहे.

युद्धानंतर वाट्यावरून संप आणि मोर्चे झाले. १९४७ मध्ये कसणाऱ्याचा वाटा ५३ टक्के झाला. १९६४ च्या कायद्याने नवे करार बंद केले आणि चालू करारांत वाटा किमान ५८ टक्के केला. १९८२ मध्ये उरलेले करार खंडात बदलायची तरतूद झाली. १९६४ च्या निर्णयावर वाद आहे. या कायद्यानेच टेकड्या ओस पडल्या, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. पन्नासच्या दशकातच तरुण पोरं कारखान्यांकडे आणि रोमकडे निघाली होती, ५८ टक्क्यांसाठी कोण थांबणार? खरी उणीव दुसरीच होती. मुंबई राज्यात कूळकायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने, अंमल कितीही अडखळला तरी, कुळाला मालक व्हायची वाट दिली. उंब्रियात वाटा वाढला, जमीन मालकाचीच राहिली.

रिकामी दगडी घरं पुढे शहरातल्या आणि परदेशी लोकांनी घेतली. १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा आला. खळ्याच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, गोठ्यात जेवणाची टेबलं लागली. काही घरांत भिंतीतल्या बैल बांधायच्या कड्या अजून तशाच आहेत.