न संपलेला सप्टेंबर

वेब घरोघरी पोचण्याआधी युझनेट होतं, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरचे विषयवार चर्चागट. ‘स्टार ट्रेक’चे चाहते तिथे मालिकेच्या एकेका भागावर वाद घालत बसायचे. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवी मुलं यायची, त्यांना युझनेटचं खातं मिळायचं आणि महिनाभर धुमाकूळ चालायचा. शंभरदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला जायचा, चालू चर्चेत भलताच विषय घुसायचा. जुनी मंडळी चिडायची, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं पुढे करायची आणि हळूहळू नवखे वळणावर यायचे. १९९३ च्या सुमारास पैसे घेऊन घरोघरी ऑनलाइन जोडणी देणाऱ्या व्यापारी सेवांनी आपल्या सामान्य ग्राहकांनाही हे दार उघडून दिलं. १९९४ मध्ये अशाच एका सेवेच्या, एओएलच्या, ग्राहकांचा लोंढा आला. नवखे आता रोजच येऊ लागले. तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, असं तेव्हाचे लोक म्हणू लागले.

नव्या लोकांना अक्कल नव्हती, असं यावरून मुळीच ठरत नाही. शिकवणारे आणि शिकणारे यांचं प्रमाण बिघडलं होतं. रीतभात कुठल्याही नियमावलीत पूर्ण मावत नाही. ती माणसाकडून माणसाकडे जाते आणि त्याला वेळ लागतो.

पण लोंढा आलाच नाही तरी संस्कृती बदलतेच. २०१३ साली क्रिस्टियन दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिअरच्या शौकिनांच्या दोन संकेतस्थळांवरची अनेक वर्षांची परीक्षणं तपासली. बिअरच्या वासाबद्दल लिहिताना आधी ‘अरोमा’ लिहायची पद्धत होती, पुढे ‘स्मेल’चं आद्याक्षर ‘एस’ रूढ झालं. गंमत अशी की नवा सदस्य आला की तो चालू भाषा भराभर उचलायचा, पण काही काळाने त्याचं शिकणं थांबायचं. त्याची भाषा तिथेच गोठायची आणि गट पुढे सरकायचा. थोडे दिवस टिकलेला असो की वर्षानुवर्षं राहिलेला, निघून जाताना प्रत्येक जण गटाच्या चालू भाषेपासून दुरावलेला असायचा. ‘आता पूर्वीची मजा राहिली नाही’ या तक्रारीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो. बोलणाऱ्याचं दुःख खरंच असतं, आणि नव्यांचा त्यात काही दोष नसतो.

यात जागेचाही हात असतो. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळावर एका नोंदीखाली उत्तराला उत्तर जोडत चाहत्यांच्या लांबलचक गप्पा रंगायच्या, काही नोंदी फक्त मित्रांपुरत्या कुलूपबंद ठेवता यायच्या. मे २००७ मध्ये कंपनीने तिथली शेकडो खाती एका झटक्यात बंद केली. त्यांत ‘लोलिता’ या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गटही सापडला. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसे, म्हणून चाहत्यांमध्ये तो प्रसंग ‘स्ट्राइकथ्रू’ या नावाने ओळखला जातो. पुढच्या काही वर्षांत बरेच जण टंबलर या दुसऱ्या ब्लॉगस्थळावर गेले. तिथे उत्तर द्यायचं म्हणजे मूळ नोंद आपल्या पानावर पुन्हा टाकायची, आणि जोडलेला शेरा तिच्याबरोबर गावभर फिरणार. मग लोकांनी युक्ती काढली: मनातलं टॅगमध्ये, म्हणजे नोंदीला जोडायच्या खूणशब्दांत, लिहायचं, कारण ती नोंद दुसऱ्याने पुढे नेली तरी टॅग मागेच राहतात. शोध सोपा व्हावा म्हणून दिलेली सोय अशी कुजबुजीची जागा झाली. माणसं पुष्कळशी तीच होती, पण बोलण्याची ढब पार बदलली. काही चाहत्यांनी मात्र दुसऱ्याच्या घरात राहणंच नको असं ठरवून ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचं स्वतःचं संग्रहालय उभारलं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

लोंढ्यापुढे टिकता येतं, याचंही उदाहरण आहे. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर ‘नोस्लीप’ नावाचा भयकथांचा गट आहे. तिथली रीत अशी की प्रत्येक कथा खरीच घडली असं मानून प्रतिक्रिया द्यायची. २०१४ मध्ये रेडिटने नव्या सदस्यांना हा गट आपोआप दाखवायला सुरुवात केली आणि गर्दी लोटली. या गटावरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नियंत्रकांनी आपसात नीट कामं वाटून घेतली होती, नियम मोडणाऱ्या प्रतिक्रिया हटवायला स्वयंचलित साधनं मदतीला होती, हे त्यात दिसलं. शिवाय साधे सदस्यही कुणी ‘हे खोटं आहे’ म्हणालं की त्याला लगेच सांगायचे: इथे सगळं खरं असतं.