एचएलए तपासणी आणि क्रॉसमॅच

प्रत्यारोपित अवयव शरीर टिकवून धरील की नाकारील, याचा अंदाज रक्तातील पांढऱ्या पेशींवरील प्रथिनांवरून बांधण्याच्या चाचण्या. ही प्रथिने, म्हणजे एचएलए (ह्यूमन ल्युकोसाइट अँटिजेन; ल्युकोसाइट म्हणजे पांढरी पेशी), शरीरातील जवळजवळ सर्व केंद्रकयुक्त पेशींवर असतात. पण पहिल्यांदा ती पांढऱ्या पेशींवर सापडली आणि नावही तेच चिकटले. १९५८ साली फ्रान्सचे झाँ दोसे यांनी त्यांतील पहिल्याचे वर्णन केले. १९८०च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असून सहसा एकगठ्ठा वारशाने येतात. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारांत एक, अजिबात न जुळण्याचीही तेवढीच. ‘सख्खा भाऊ आहे, जुळणारच’ हा घरातला हिशेब इथे चालत नाही. आईवडिलांशी मात्र अर्धी जुळणी बहुधा ठरलेलीच.

जुळणीइतकेच, किंबहुना अधिक तातडीचे, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आधीच तयार आहेत का हे. क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या लसिका पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळतात. पेशी मेल्या तर चाचणी पॉझिटिव्ह. पटेल व तेरासाकी यांनी १९६९ मध्ये मूत्रपिंडांचा जो अनुभव मांडला, त्यात पॉझिटिव्ह असूनही केलेल्या ३० रोपणांपैकी २४ लगेच निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८.

ही प्रतिपिंडे रक्त चढवल्याने, पूर्वीच्या रोपणाने किंवा गरोदरपणात तयार होतात. गर्भातील अर्धी एचएलए वडिलांची असल्याने पत्नीला मूत्रपिंड देऊ पाहणाऱ्या पतीचा रक्तगट जुळूनही क्रॉसमॅच आडवा येऊ शकतो. पत्नीने पतीला देताना ही अडचण नसते. आता प्रथिने चिकटवलेल्या सूक्ष्म मण्यांवर नेमके कोणते प्रतिपिंड किती आहे हेही मोजता येते. त्यात दात्याविरुद्धचे निघाले, तर अहवालात ‘डीएसए’ (डोनर स्पेसिफिक अँटिबॉडी) असा शेरा येतो.

मेंदूमृत दात्याचे अवयव पुणे विभागात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत वाटले जातात. मूत्रपिंड थंड ठेवून क्रॉसमॅचसाठी काही तास थांबता येते; हृदयाला साधारण चार तासांचीच मुदत, तेव्हा रुग्णाची प्रतिपिंडे आधीच तपासून ठेवावी लागतात.

रोपणानंतर रक्तपेशींतील शेकडो प्रथिने एकाच वेळी मोजून नकाराची चाहूल आधीच घेण्याचे संशोधन जगभर चालू आहे. यात लागणारे पेशीविज्ञान व प्रथिनमापन पुण्यात नवे नाही; गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. मात्र नकाराचे निदान पक्के करण्यासाठी आजही मुख्य भिस्त बायोप्सीवरच, म्हणजे अवयवाचा बारीक तुकडा काढून तपासण्यावरच असते.