पार्श्वभूमी : किल्टवरचा दिवसाचा कोट कुठे गेला?

किल्टवर, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या निऱ्यांच्या, गुडघ्यापर्यंतच्या लोकरी वस्त्रावर, फुटबॉल संघाचा टी-शर्ट, पायात जाड बूट, मोजे घोट्यापर्यंत गुंडाळलेले. स्कॉटलंडमध्ये हे दृश्य आता नेहमीचं आहे, आणि ते दिसलं की परंपरा बुडाल्याची तक्रार होते. पण किल्टच्या परंपरेत साध्या पेहरावाला पहिल्यापासून जागा होती. ती जागा टी-शर्टने नाही घालवली. त्याच्या कितीतरी आधी भाड्याच्या कपड्यांनी घालवली.

मुळात किल्ट शिवलेला नव्हताच. अरुंद मागावरचे दोन पट्टे जोडून केलेलं लांब कापड रोज निऱ्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचं आणि उरलेलं खांद्यावर घ्यायचं. नऊवारीसारखं ते नेसायचं वस्त्र होतं. 1746 च्या कायद्याने पुरुषांना ते बंद झालं, सैनिक तेवढे वगळले गेले. बंदी उठली 1782 मध्ये. निऱ्या शिवलेला किल्ट 1790 च्या दशकातला, साधारण चार वारांचा. ‘आठ वारी’ किल्ट त्यानंतरचा, आणि तेही सलग आठ वार नसतं : दुहेरी पन्ह्याचं चार वार घेऊन मधोमध कापतात. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि डोंगराळ भागातला हा पोशाख साऱ्या देशाचा समारंभी पोशाख ठरला.

खरा घोळ आहे तो कोटाचा. ‘प्रिन्स चार्ली’ हे नाव ऐकून हा कोट अठराव्या शतकातल्या बंडखोर राजपुत्राचा असावा असं वाटतं. त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हा विसाव्या शतकातला, शिंप्यांच्या व्यवसायात रूढ झालेला संध्याकाळचा कोट आहे. पुढून कमरेपर्यंत आखूड, मागे छोट्या शेपट्या, रेशमी कॉलर, आत तीन बटणांचं वेस्टकोट, गळ्याला बो. पुढची बटणं शोभेची, कोट बंद होतच नाही. त्याचा जोडीदार ‘आर्गाइल’ हा दिवसाचा : ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, शिंगाच्या बटणांचा, साध्या टायवर चालणारा आणि बंद होणारा. नेहमीच्या सुटाचा कोट किल्टवर वाईट दिसतो, कारण तो स्पोरनवर, म्हणजे पुढे लटकणाऱ्या चामडी थैलीवर, येतो. आर्गाइल त्यासाठीच आखूड कापलेला असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लग्नासाठी किल्ट भाड्याने घेण्याची पद्धत फोफावली. दुकानदाराला एकच संच परवडतो, म्हणून त्याने काळा प्रिन्स चार्ली ठेवला. दुपारी बाराच्या लग्नालाही तोच, सोबत फर आणि चांदीची संध्याकाळची थैली आणि कोणत्याही टार्टनवर, म्हणजे किल्टच्या चौकटींच्या कापडावर, चालतील असे क्रीम मोजे. मोज्यांचा रंग टार्टनमधून किंवा ट्वीडमधून उचलायचा, ही साधी गोष्ट तिथेच सुटली. मग एका पिढीला किल्ट म्हणजे कडक समारंभ एवढंच माहीत राहिलं. त्यातून बाहेर पडायला तिला थेट गळ्याशी नाडी बांधायचा सैल शर्ट किंवा टी-शर्टच सापडला. मधली पायरी, म्हणजे ट्वीडचा कोट किंवा साधा लोकरी स्वेटर आणि चामड्याची साधी थैली, कोणी दाखवलीच नाही.

2000 नंतर जाड सुती कापडाचे, खिसेवाले किल्टही आले. रोजच्या कामाला ते सोयीचे, पण ते पँटसारखे खाली बांधतात, आणि लोकरी किल्टही तसाच बांधण्याची सवय लागली. नुकसान झालं ते इथे. लोकरी किल्टच्या निऱ्या नितंबांपासून कंबरेपर्यंत निमुळत्या होत शिवलेल्या असतात. तो बेंबीच्या वर न बांधता खाली सरकवला, तर सर्वांत अरुंद शिवण नितंबांवर येते, निऱ्या फाकतात, कमरेला बांधायच्या पट्ट्यांची शिवण ताणली जाते आणि काठ गुडघ्याच्या मध्यावर न राहता पोटरीकडे उतरतो. टी-शर्ट घालायचा असेल तर जरूर घाला, पण किल्ट वरच बांधा. किल्टची शोभेची पिनही, पुढे एकावर एक येणाऱ्या दोन सपाट पदरांपैकी, फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांतून टोचली की बसता-उठता कापड ओढलं जाऊन फाटतं.

अलीकडे भाड्याच्या दुकानांत ट्वीडचे संच परत दिसू लागले आहेत. आर्गाइलचा हातावरचा रुंद कफही त्यांवर असतो. सोबतची थैली मात्र अजून पुष्कळदा फरचीच देतात.