धमनी आकसते, मग रक्तदाब का वाढत नाही? सेरोटोनिनच्या शोधामागची पार्श्वभूमी

गोठलेल्या रक्तातून सुटलेले सीरम एखाद्या अवयवातून वाहू दिले की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. ताज्या प्लाझ्मात हा गुण फारसा दिसत नाही. फरक प्लेटलेटांमुळे, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या सूक्ष्म रक्तकणांमुळे पडतो; त्यांतून सुटणारा हा आकुंचक पदार्थ म्हणजेच सेरोटोनिन. प्लेटलेट स्वतः सेरोटोनिन तयार करत नाहीत. आतड्याच्या अस्तरातल्या एंटेरोक्रोमॅफिन पेशी ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतात, प्लेटलेट ते शोषून साठवतात आणि गुठळी होताना बाहेर टाकतात. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असते.

उच्च रक्तदाबावर संशोधन करणारे अमेरिकी डॉक्टर आयर्विन पेज यांना हा पदार्थ नकोच होता. १९४०च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत अँजिओटेन्सिन या दाब वाढवणाऱ्या पदार्थावर काम झाले होते, आणि उच्च रक्तदाब असलेल्यांच्या रक्तात दाब वाढवणारे आणखी काही सापडते का, हा त्यांचा शोध चालू होता. पण रक्त गोठले की सीरममधला हा आकुंचक पदार्थ प्रत्येक चाचणीत लुडबुड करी. त्याला ओळखून बाजूला काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि पेज यांनी १९४८ मध्ये गुरांच्या सीरममधून तो स्फटिकरूपात वेगळा केला, १९४९ मध्ये रॅपोर्ट यांनी त्याची रचना ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामाइन (थोडक्यात ५-एचटी) अशी मांडली. तिकडे इटलीत व्हित्तोरियो अर्स्पामेर १९३०च्या दशकापासून आतड्यातल्या ‘एंटेरामिन’वर काम करत होते. १९५२ मध्ये दोन्ही पदार्थ एकच असल्याचे सिद्ध झाले.

मग उच्च रक्तदाबाचा गुन्हेगार सापडला का? नाही, आणि ते लवकरच कळले. भूल दिलेल्या उंदराच्या शिरेत सेरोटोनिन टोचले तर दाब तीन टप्प्यांत बदलतो. आधी हृदयाची गती मंदावून तो झटकन कोसळतो. हा ५-एचटी३ रिसेप्टरमार्फत घडणारा बेझोल्ड-यारिश प्रतिक्षेप. (रिसेप्टर म्हणजे सेरोटोनिन जिथे चिकटून काम करते ते पेशीवरचे प्रथिन; त्याचे ५-एचटी१, २, ३, ७ असे प्रकार आहेत.) मग ५-एचटी२ए मुळे थोडा वेळ दाब चढतो आणि शेवटी बराच काळ खालीच राहतो. या शेवटच्या उतारात ५-एचटी७ चा वाटा मोठा असतो. रक्तवाहिन्यांवर चेतासंस्थेचा ताण आधी किती आहे, त्यावरही दाब चढणार की उतरणार हे ठरते, असे पेज यांनीच १९५०च्या दशकात दाखवले होते.

धमनीची कडी ३७ अंशांच्या क्षारद्रावणात टांगून पाहिले की आकुंचन स्पष्ट दिसते. ५-एचटी२ए रिसेप्टर जी-क्यू प्रथिनामार्फत फॉस्फोलायपेज-सी चेतवतो, आयपी३ तयार होते, स्नायुपेशीतले कॅल्शियम वाढते, मायोसिन लाइट-चेन कायनेज हे विकर कामाला लागते आणि स्नायू आकसतो. पण कडी कापताना आतला एंडोथेलियमचा थर खरवडला गेला, तर हे आकुंचन फुगवून दिसते, कारण एंडोथेलियममधून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि ते उलटा परिणाम करते. माणसातही तेच आढळले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत कोरोनरी धमनीत थेट सेरोटोनिन सोडले, तेव्हा निरोगी धमन्या रुंदावल्या आणि मेदाचे थर साचलेल्या धमन्या आकसल्या. उंदरांना सेरोटोनिन सतत दिले तर दाब वाढण्याऐवजी उतरतो. कार्सिनॉइड गाठींतून (बहुधा आतड्यात होणाऱ्या, संप्रेरके स्रवणाऱ्या अर्बुदांतून) भरमसाट सेरोटोनिन सुटते, तरी त्या रुग्णांत ठळक दिसतात ते चेहऱ्याची लाली, जुलाब आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपांचे नुकसान. टिकून राहणारा उच्च रक्तदाब नव्हे.

औषधांनी याची परीक्षा घेतली. केटान्सेरिन हे औषध ५-एचटी२ए रोखते आणि दाबही उतरवते, तेव्हा अनेकांना कोडे सुटल्यासारखे वाटले. पण ते अल्फा-१ रिसेप्टरही रोखते, आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आकसवते ते याच रिसेप्टरमार्फत. अल्फा-१ ला फारसा हात न लावणाऱ्या रिटान्सेरिनने दाब जवळजवळ हललाच नाही. शिवाय केटान्सेरिनने ईसीजीतले क्यूटी अंतर लांबते; पोटॅशियम घालवणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या औषधांसोबत ते धोकादायक ठरले.

आकुंचनाचा उपयोग झाला तो अर्धशिशीत. सुमाट्रिप्टान हे औषध ५-एचटी१बी/१डी रिसेप्टर चेतवून कवटीतल्या, मेंदूच्या आवरणांच्या धमन्या आकसवते. कोरोनरी धमन्यांवरही थोडा परिणाम होतो, म्हणून हृदयधमनीविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते देत नाहीत.

फुप्फुसाच्या धमन्यांचे गणित वेगळे आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अमिनोरेक्स ही भूक मारणारी गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसीय उच्च रक्तदाबाची लाट आली. पुढे फेनफ्लुरामिन या भूक मारणाऱ्या औषधानेही तेच केले आणि १९९७ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. इथे प्रश्न निव्वळ आकुंचनाचा नाही. सेरोटोनिन वाहक प्रथिनातून स्नायुपेशींत शिरते, त्या पेशी वाढतात आणि धमनीची भिंत जाड होते.

मोजमापातली जुनी अडचण अजून तशीच आहे. सीरममधला आकडा प्लेटलेटांनी ओतलेल्या साठ्याचा असतो. मुक्त सेरोटोनिन हवे असेल तर गोठणरोधक असलेली नळी वापरावी लागते, रक्त जोराने ओढता किंवा हलवता येत नाही आणि प्लेटलेट वेगळ्या करून प्लाझ्मा लगेच थंड ठेवावा लागतो. थोड्या प्लेटलेट फुटल्या तरी आकडा कित्येक पट वाढतो, आणि कुणीतरी त्याचा संबंध रक्तदाबाशी लावून मोकळे होते.