पंचवीस दिवसांचं अंतर

"सतरा डाव जाऊन आले की. आता आठच तर राह्यले," आत्या म्हणाली. तिच्या ओटीपोटावर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या शाईच्या फुल्या होत्या. त्या पुसू नयेत म्हणून ती तीन आठवडे तिथं साबण लावत नव्हती. रेडिएशनचं मशीन रोज नेमकं त्याच जागी लागावं यासाठी त्या खुणा असतात.

हे २०१६ सालच्या नवरात्राआधीचं. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दोन-तीन वर्षं कोरडी गेल्यावर त्या पावसाळ्यात सोयाबीन उभं राहिलं होतं. आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. उपचार चालू होते ते रात्रभराच्या प्रवासावरच्या एका मोठ्या शहरात. मुक्काम धर्मशाळेत, सोबत थोरला मुलगा. तिथलं मशीन दोन दिवस बंद पडलं, तेवढ्यात घरून फोन आला की काढणीला माणसं मिळेनात. दोघं गावी आली आणि काढणी, मळणी, बाजार उरकेपर्यंत अडकली. आठ आठवड्यांत संपायचे उपचार अकरा आठवड्यांवर गेले.

तेव्हा घरात कुणालाच, मलाही, यात काही बिघडतंय असं वाटलं नाही. औषधाचा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी घेतो, तसंच हे, असं वाटलं. रेडिएशनचं गणित तसं नाही, हे पुढे वाचत गेल्यावर कळलं. हा लेख त्यासाठीच लिहितोय.

रेडिएशनला आपल्याकडे कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'शेक'. 'शेक' म्हटलं की गाठ भाजून काढतात असं डोळ्यांसमोर येतं. तसं काही होत नाही. अंगाला चटकाही जाणवत नाही. किरण पेशीत शिरून तिच्या डीएनएचे धागे तोडतात. एक धागा तुटला तर पेशी तो सांधते, दोन्ही शेजारीशेजारी तुटले की सांधणं अवघड जातं आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी ती पेशी मरते. गाठीभोवतीच्या निरोगी पेशींनाही हाच मार बसतो, पण त्यांची दुरुस्तीची यंत्रणा शाबूत असते. मधल्या काही तासांत त्या बऱ्याच सावरतात. कॅन्सरच्या पेशींची ही यंत्रणा बहुधा बिघडलेली असते. म्हणून सगळा मारा एका दिवशी न करता पंचवीस दिवसांत वाटून देतात. आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे. गर्भाशयमुखाच्या आजारात सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन आणि शेवटी आतून देण्याचं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकिथेरपी. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत.

आत का, ते आपल्या शेतातच दिसतं. अर्धं रान खुरपलं आणि पाऊस लागला म्हणून दहा दिवस घरी बसलो, तर काय होतं? राहिलेली हराळी आधीपेक्षा जोमानं येते, कारण आता तिला जागा, ऊन आणि पाणी, सगळं मोकळं मिळालेलं असतं. गाठीतही तेच घडतं. पुष्कळ पेशी मेल्यावर वाचलेल्यांना रक्ताचा आणि ऑक्सिजनचा पुरवठा चांगला मिळतो आणि त्या वेगानं वाढू लागतात. १९८८ साली विदर्स या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या कॅन्सरवरच्या उपचारांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं की, उपचार सुरू झाल्यावर साधारण चार आठवड्यांनी ही वाढ जोर धरते. त्यानंतर लांबलेल्या प्रत्येक दिवसाची नुसती भरपाई करायला सुमारे ०.६ ग्रे जादा रेडिएशन लागतं. ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप. रोजचा डोस साधारण २ ग्रेचा असतो, म्हणजे उपचार तीन दिवस लांबले की जवळपास एका अख्ख्या दिवसाचा डोस फुकट गेला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबतही उपचार आठ आठवड्यांच्या पुढे गेले की दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता अर्ध्या ते एक टक्क्यानं घटते, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की गावापासून दवाखान्याचं अंतर ही फक्त सोयीची बाब नाही. औषधाच्या मात्रेइतकंच तेही उपचाराचा भाग आहे. कमरेखालच्या रेडिएशनआधी अर्धा लिटर पाणी पिऊन लघवी धरून बसायला सांगतात. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. रांग लांबली, बाईला धरवलं नाही, की पुन्हा पाणी आणि पुन्हा थांबणं. ज्या बाईला संध्याकाळी आपल्या घरी जाता येतं ती हे पंचवीस दिवस काढते. धर्मशाळेच्या ओसरीवर झोपणारी कधीतरी हरते.

मराठवाड्यात आता चित्र पूर्वीसारखं नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे आणि त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. लातूरला डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या विवेकानंद रुग्णालयानं कॅन्सरचं स्वतंत्र रुग्णालय उभं केलं. धाराशिवच्या सीमेलगत बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय तर कितीतरी आधीपासून आहे. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. पण जवळच्या दवाखान्यात कॅन्सरचे 'संपूर्ण' उपचार होतात असं म्हणायचं, तर नुसतं मशीन आणि इमारत पुरत नाही. सुरुवात होते ती एका छोट्या बाटलीपासून.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला (बायोप्सी), असं आपण सहज म्हणतो. तो तुकडा काढल्याबरोबर फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, जायला हवा, तोही तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिनमध्ये. गडबडीत कुणी तो सलाईनच्या पाण्यात टाकला आणि ती बाटली दोन दिवस गाडीत फिरली, तर पेशी सडतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली काहीच धड दिसत नाही आणि पुन्हा तुकडा काढावा लागतो. नीट टिकलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचा 'ब्लॉक' होतो. त्यातून तीन ते पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप काढून, काचेवर ठेवून रंगवतात. हा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच ब्लॉकवरून ईआर, पीआर (गाठ हार्मोनच्या जोरावर वाढते का ते पाहणाऱ्या) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का ते पाहणारी) या तपासण्या होतात. ईआर पॉझिटिव्ह आला तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी पाच-दहा वर्षं घेऊन आजार परतण्याचा धोका बराच कमी करता येतो. तपासणीच झाली नाही तर या गोळीचा विचारही होत नाही. दवाखाना बदलताना फाईलबरोबर ब्लॉक आणि काचा मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

मग मशीन. दोन जातींची असतात. कोबाल्टच्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० चा किरणोत्सर्गी स्रोत असतो. दर ५.२७ वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो. जोर निम्मा झाला की तेवढाच डोस द्यायला दुप्पट वेळ लागतो आणि बाहेरची रांग लांबते. म्हणून स्रोत वेळेवर बदलणं ही कागदोपत्री बाब नाही. लिनिअर ॲक्सिलरेटरमध्ये स्रोत नसतो. तिथं विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉन वेगात आणून धातूवर आदळवतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. त्याची नेमकी धार तोंडाच्या कॅन्सरमध्ये लाळग्रंथी वाचवायला फार उपयोगी पडते. पण त्याला सलग, स्थिर वीज लागते, थंडावा लागतो आणि बिघाड झाला की लगेच येणारा इंजिनिअर लागतो. आपल्या एप्रिल-मेचा विचार केला तर हे थोडं थोडकं नाही. आपल्याच भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं मशीन आहे. जुन्या पद्धतीचं म्हणून जिल्ह्याच्या गावी त्याला नाक मुरडू नये असं मला वाटतं. रोज न चुकता चालणारं साधं मशीन महिन्यातून चार दिवस बंद पडणाऱ्या भारी मशीनपेक्षा रुग्णाला जास्त देतं.

केमोचं सलाईन तर जिल्हा रुग्णालयातही लावता येतं. उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवायचा आणि सलाईन गावाजवळ द्यायचं, ही पद्धत रुळते आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यामुळे अवघड केसवर व्हिडिओवरून सल्लाही मिळतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत केमोची डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली आहे.

पण केमोत खरा धोका सलाईन लावताना नसतो. तो नंतर, घरी, बहुतेकदा सातव्या ते चौदाव्या दिवसात येतो. तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. थंडी वाजते, अंग तापतं आणि गावातले डॉक्टर तापाची गोळी देतात. ताप उतरतो, पण रक्तात जंतू वाढत राहतात. केमो चालू असलेल्या माणसाला १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. सकाळपर्यंत थांबू नये. रात्री दोन वाजता लातूरहून मुंबई गाठता येत नाही, उदगीरहून लातूर मात्र गाठता येतं. जवळ दवाखाना असण्याचं एवढं एकच कारण सांगायचं झालं, तर मी हे सांगेन.

आता तपासणीचं. याबाबत मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला जे दिलं आहे ते आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपले भूम आणि परंडा हे तालुकेही तिच्यात होते. नोंदीसाठी माणसं गावोगाव जात, बसून बोलत, लक्षणं सांगत. त्या बोलण्यानंच बायका लवकर दवाखान्यात येऊ लागल्या आणि आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. मग १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ५२ गटांतल्या गावांपैकी काहींत गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी आणि काहींत नेहमीसारखंच चालू ठेवलं. २००९ मध्ये निकाल छापून आले. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात वाढलेल्या अवस्थेतले कॅन्सर आणि त्यानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे होते. शेवटच्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, असा प्रश्न नंतर विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. पण आज जगभर वयाच्या तिशीपासून एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती मिळते, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या या बायका आहेत.

आणि शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड कामगार ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, अशी भीती घातल्याचं त्यांतल्या कित्येकींनी सांगितलं. अंगावरून पांढरं जाणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गानं होतं आणि त्यावर गोळ्या असतात. कॅन्सरच्या आधीचे बदल खरंच सापडले, तरी पुष्कळदा सुमारे शंभर अंशांवर तापवलेला छोटा प्रोब गर्भाशयमुखावर अर्धा-पाऊण मिनिट टेकवला की काम होतं. भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. विश्वासाची तपासणी जवळ असती तर त्या पिशव्या वाचल्या असत्या. मात्र तपासणीचं वेळापत्रक ऊसतोडीचं वेळापत्रक बघून ठरायला हवं. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. जानेवारीत गावात शिबिर घेतलं तर ज्यांच्यासाठी घ्यायचं त्या फडात असतात.

आत्याचा आजार २०१८ मध्ये परत आला. त्या लांबलेल्या दिवसांमुळेच आला, असं एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येणार नाही. टक्केवारी हजारोंची असते. या वेळी गाठ कमरेतल्या नसांवर दाबत होती. तिला बसवेना आणि झोपवेना. गावापासून तासाभरावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक सुरू केलं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं बरंच सोपं झालं आहे. "याची सवय लागेल का?" असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. पण पोट मात्र धरतं, म्हणून ही जुलाबाची गोळी त्याच्यासोबतच चालू ठेवा." सिस्टर घरी आल्या. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर वेळा लिहून दिल्या: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखायची वाट बघायची नाही, वेळ झाली की द्यायची.

पहिल्या रात्री मी खाटेजवळच बसलो होतो. दहाची गोळी घेऊन आत्या कुशीवर वळली आणि सलग सात तास झोपली. कित्येक आठवड्यांत तसं झालं नव्हतं. पहाटे डोळे उघडल्यावर तिनं आधी म्हशीला पेंड घातली का, ते विचारलं.